कळंक, कल्हई आणि जुन्या मोटारीचा स्विच

जुन्या वस्तूंविषयी आपल्याकडे दोनच वृत्ती प्रबळ आहेत. एक, 'टाका आणि नवे आणा'. दुसरी, 'जीर्णोद्धार करा', म्हणजे जुन्यावर इतका रंग चढवा की जुने ओळखूच येऊ नये. वरवर पाहता या वृत्ती परस्परविरोधी वाटतात, पण वस्तूच्या अंगावर साचलेला काळ दोघींनाही नकोसा असतो. या दोहोंहून वेगळी अशी दुरुस्तीची एक तिसरी वृत्ती आहे. तिचा विचार करण्यासाठी मी एक क्षुल्लक वाटणारे उदाहरण घेतो : जुन्या मोटारीतला विजेचा स्विच.

मुंबईच्या संदर्भात हे उदाहरण अगदीच परके नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि काळ्यापिवळ्या रंगात ती शहराची ओळख बनली. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३मधली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३पासून टॅक्सीच्या रूपातली पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता उरल्या त्या हौशी लोकांनी जपलेल्या खाजगी गाड्या. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत वर्षानुवर्षे काढलेल्या अशा गाडीचे दिवे मंद होतात, डिपर कधी लागतो कधी लागत नाही. आणि दोष बहुतेक वेळा बल्बच्या माथी मारला जातो.

खरा दोष पुष्कळदा स्विचच्या पोटात असतो. आतल्या पितळी किंवा तांब्याच्या पट्ट्यांवर काळा-हिरवा थर चढलेला असतो. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : कळंक. गंज लोखंडाला चढतो, कळंक तांब्यापितळेला. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवलेले ताक 'कळकते', हे आपल्या आजीला माहीत होते. घरोघरची पितळेची भांडी गेली, कल्हईवाल्याची हाळी थांबली आणि शब्दही मागे पडला. म्हणून आज आपण धातू कोणताही असो, सरसकट 'गंजला' म्हणतो.

या थराचे काम समजून घेण्यासारखे आहे. बारा व्होल्टच्या गाडीत साठ वॅटचा दिवा सुमारे पाच अँपिअर प्रवाह घेतो. स्विचमधल्या कळंकामुळे मार्गात अर्ध्या ओहमचा अडथळा आला, तर ढोबळ हिशेबाने दिव्यापर्यंत दहाच व्होल्ट पोचतात आणि उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. उरलेली शक्ती नाहीशी होत नाही. ती स्विचमध्येच उष्णता होऊन साठते, बेकेलाइट तापवते आणि पट्टीचा ताण घालवते. ताण गेला की स्पर्श सैल होतो, स्पर्श सैल झाला की ठिणगी उडते आणि ठिणगीने थर आणखी वाढतो. दोष स्वतःलाच पोसत राहतो.

उपाय तसा साधा, पण सावकाशीचा आहे. आधी बॅटरीची तार सोडायची. कोणती वायर कुठे होती ते टिपून ठेवायचे. स्विचचे दुमडलेले पत्र्याचे कान हलकेच उचलायचे, आणि तेही कापडाखाली, कारण आतली स्प्रिंग व तिच्यावरची बारीक गोळी उडून गेली तर तो स्विच संपलाच. मग वाळलेले, काळे पडलेले ग्रीस अल्कोहोलने काढायचे. हिरवा थर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने सुटतो. मात्र आम्ल मागे राहिले तर तेच पुन्हा धातू खाते, म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचे. पट्टीला पूर्वीचा ताण द्यायचा, मीटरवर अडथळा मोजायचा आणि मगच स्विच बंद करायचा.

यात मोह एकच असतो : पॉलिश पेपरचा. दोन मिनिटे घासले की पट्टी सोन्यासारखी चमकते. पण अनेक स्विचच्या स्पर्शबिंदूंवर चांदीचा किंवा कथलाचा पातळ मुलामा असतो. चांदी काळी पडली तरी वीज बऱ्यापैकी वाहून नेते. घासणारा तो काळेपणा आणि मुलामा दोन्ही एकदमच काढतो. काही दिवस दिवे झगझगीत लागतात. नंतर उघडे पडलेले तांबे पहिल्यापेक्षा लवकर कळंकते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे आपल्याच शास्त्राची आठवण व्हावी. पाठचिकित्सा याहून वेगळे काय करते? एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता : वरून चढलेले कोणते आणि मुळातले कोणते? भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जिथे पाठ निश्चित नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. संपादकाने शंका झाकली नाही, दिसेल अशी ठेवली. संपादकाचा हात कुठे लागला हे वाचकाला कळलेच पाहिजे, हा त्यामागचा संकेत.

याउलट १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर जुन्या पुस्तकांची जी पुनर्मुद्रणे झाली, त्यांतल्या पुष्कळांना निमूटपणे पॉलिश पेपर लागला आहे. अनुच्चारित अनुस्वार नव्या लेखनातून गेले याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या पानावरचे 'नांव' आणि 'नाव' यांतला भेद, 'केलें'मधले नपुंसकलिंग हे त्या संहितेचे अंग होते, आणि कोकणातल्या काही बोलींत तो नासिक्य उच्चार आजही कानी पडतो. ते ठिपके म्हणजे मळ नव्हता, मुलामा होता. बदल करायचाच तर निदान प्रस्तावनेत एका ओळीने सांगावा. तेवढेही अनेकदा होत नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी भाबडी स्मरणव्याकुळता आहे. नवा स्विच बसवा आणि मोकळे व्हा. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. बेकेलाइटला तडा गेला असेल किंवा स्पर्शबिंदू जळून खड्डा पडला असेल, तर बदल अपरिहार्य आहे. रात्रीच्या रस्त्यावर प्रामाणिकपणापेक्षा उजेड मोलाचा. पण तिथेही तिसरी वाट असते. दिव्याच्या मार्गात एक रिले बसवला की मोठा प्रवाह त्यातून जातो आणि जुन्या स्विचला फक्त इशारा द्यावा लागतो. रिले दिसतो, उद्या काढताही येतो. जुन्या वाहनांच्या जतनासाठी झालेल्या ट्यूरिन सनदेचाही आग्रह असाच आहे की, बदल परत फिरवता येण्याजोगे असावेत आणि त्यांची नोंद राहावी. आपल्या परिभाषेत सांगायचे तर रिले ही तळटीप आहे : संहितेला धक्का न लावता तिचा भार हलका करणारी.

आपल्या अभ्यासक्रमांत संहितेचे 'वाचन' शिकवले जाते, तिची दुरुस्ती क्वचितच. एखादी जुनी कादंबरी नेमताना तिची कोणती आवृत्ती हा प्रश्न किती मराठी विभागांत विचारला जातो? पहिली आवृत्ती आणि आजची पेपरबॅक शेजारी ठेवून एक प्रकरण ताडून पाहण्याचे काम प्रत्येक एम. ए.च्या विद्यार्थ्याला एकदा तरी द्यावे, असे मला वाटते. कळंक कोणता आणि कल्हई कोणती, हे व्याख्यान ऐकून कळत नाही. त्यासाठी वस्तू उघडून आत पाहावे लागते.