योगाला कसोटीचे वावडे नको

योगवर्गाला नेमाने येणारा मनुष्य बहुधा मुळातच पथ्य पाळणारा असतो. मग गुण योगाचा की पथ्याचा? म्हणूनच रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, यदृच्छेने पाडावे लागतात. झटक्यातून वाचलेल्या ३,९५९ हृदयरुग्णांवर भारतातील २४ केंद्रांत असा प्रयोग झाला. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योगगटातील रुग्ण पूर्वीच्या दिनक्रमाला अधिक चांगले लागले, परंतु मृत्यू वा पुन्हा झटका यांसारख्या घटनांत निर्णायक फरक आढळला नाही. १३ पैकी किमान १० वर्ग करणाऱ्यांत तो दिसला खरा. पण ते १० वर्ग केले कोणी? नेमाच्या माणसांनीच! योगप्रेमींनी हा आकडा मिरवू नये. बाकीचे रुग्ण वर्गाला का आले नाहीत, हे शोधून पुढचा प्रयोग आखावा.