देवाची खोटी वकिली

मंडळी, या शनिवारी कोड नाही, नवा फोन नाही, सिनेमाही नाही. विषय जरा अवघड आहे आणि आमच्याच घरातला आहे. आम्ही वऱ्हाडातले ख्रिस्ती, अमरावती-अकोल्याच्या चर्चमध्ये वाढलेली माणसं, देवाबद्दल फार खोटं बोलतो. तेही देवाच्या बाजूने! माझ्या मते देवाची यापेक्षा मोठी निंदा दुसरी नाही.

उदाहरण घ्या. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला की मयतीला कुणीतरी हमखास म्हणतं, "देवाला तो प्रिय होता, म्हणून बोलावून घेतलं." कुणी सांगितलं तुम्हाला? सावकाराचा तगादा, कापसाचा पडलेला भाव, बोंडअळी, सगळं बाजूला आणि खाली सही देवाची! समोर त्याची बायको बसलेली असते. तिने काय समजायचं? नवऱ्याच्या गळ्यातला फास देवाने आवळला?

दुसरं म्हणजे साक्ष. "प्रार्थनेनं माझी शुगर गेली, हालेलुया!" रोज सकाळी घेतलेली गोळी साक्षीतून गायब. ऐकणारी एखादी म्हातारी घरी जाऊन इन्सुलिन बंद करते. तब्येत बिघडली की तिलाच ऐकवतात, "मावशी, तुमचा विश्वास कमी पडला." आमच्या धंद्यात लॉगमधले एरर पुसून "सगळं ठीक" लिहिणाऱ्याला घरी पाठवतात. इथे त्याच्या हातात माइक देतात.

आता बायबल उघडा. ईयोबाची पोरं मेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं आली. मित्र येऊन देवाची वकिली करू लागले: तुझंच पाप असणार, देव कधी चुकतो का? ईयोब मात्र भांडला, देवालाच जाब विचारला. शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देव रागावला कुणावर? वकिलांवर! माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असा निकाल दिला. एवढा स्पष्ट निकाल असताना आम्ही दर रविवारी हरलेल्या पक्षाची बाजू मांडतो.

जुनी गोष्टही तीच. 1899-1900 साली वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला. मिशनांनी उपाशी, अनाथ पोरं सांभाळली. त्याबद्दल त्यांचे उपकार मानू तेवढे थोडे. पण "मंडळी वाढावी म्हणून देवानेच दुष्काळ धाडला" असं कुणी म्हणालं, तर मी उठून हरकत घेणार. भुकेने माणसं मारून सभासद गोळा करणारा देव कोणत्या शुभवर्तमानात आहे? आणि पूर्वज भाकरीसाठी आले असतील, तर त्यात लाज कसली? येशूने पाच हजारांना जेवू घातलंच ना!

"असं बोललात तर दुबळ्यांचा विश्वास डळमळेल," हा नेहमीचा आक्षेप. पंडिता रमाबाईंकडे बघा. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी त्रैक्यासारखी जी शिकवण मनाला पटली नव्हती ती पटल्याचं त्यांनी सांगितलं नाही. सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद घातला. बिघडलं काय? त्याच बाईंनी पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं आणि 1922 साली मरेपर्यंत मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत राहिल्या. प्रश्नाने मोडतो तो विश्वास आधीच पोकळ होता.

शिवाय आपण अमरावती जिल्ह्यातले. गाडगेबाबांच्या मातीतले! त्या माणसाने कीर्तनात उभं राहून देवाच्या नावावर चालणाऱ्या नवस-बोकडांच्या थापा उघड केल्या. ते ख्रिस्ती नव्हते, पण देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा आमच्यापेक्षा त्यांनी जास्त पाळली.

आणेवारी फुगवली की मदत येत नाही, हे वऱ्हाडात पोरालाही कळतं. दुःखाचंही तसंच आहे. खोटी आणेवारी लावलीत, तर त्या विधवेकडे ना शेजारी फिरकेल, ना चर्चचा फंड. सगळं देवाने ठरवलेलं, मग आपण कशाला काही करायचं!

म्हणून पाळकांना माझी एकच विनंती. पुढच्या मयतीला कारण सांगू नका. तिच्याशेजारी बसा, आणि तिने "का?" विचारलं तर सरळ सांगा, "मले नाही समजत, बाई." देवाची अब्रू त्याने जाणार नाही. आणि मग तिच्या कर्जाचे कागद बघायला घ्या.