नोकरभरती आणि खो-खो

बेंगळुरूच्या राजाजीनगरात लहानमोठ्या कारखान्यांची वसाहत आहे. अशा ठिकाणी कामगार निवडावयाचा झाला म्हणजे मालक बहुधा उमेदवाराला समोर बसवून एकटाच चार प्रश्न विचारतो. बोलका तरुण जागा मिळवितो. हाताचा कुशल पण बुजरा मुलगा रिकामा घरी परततो, आणि त्याच्या पगाराची वाट पाहणारे घर तसेच राहते.

अशा मालकाने खो-खो जरूर पाहावा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियम बांधलेल्या या खेळात ८ गडी आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. धावणाऱ्या नवव्याला एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. म्हणून ज्याच्या नजरेसमोर प्रतिस्पर्धी आहे, त्याला वेळीच खो द्यावा लागतो. एकट्याने धावण्याचा हट्ट धरणारा नुसता दमतो.

बेंगळुरूतच लष्करी अधिकारी निवडणारे केंद्र आहे. तेथे मुलाखत घेणारा, मानसशास्त्रज्ञ आणि मैदानावर गटाची कामे पाहणारा अधिकारी स्वतंत्रपणे पारख करतात व शेवटीच एकत्र बसतात. मुलाखतीत अडखळलेला तरुण फळ्या-दोरांनी अडथळा ओलांडताना साथीदारांना सावरतो, हे तिसऱ्यालाच दिसते.

लहान कारखान्यास एवढा परिवार कोठून परवडावा? पण जुन्या फिटरला खो देता येतो. उमेदवाराला अर्धा तास त्याच्यापाशी यंत्रावर उभे करावे. मात्र खो दिल्यावर त्याच्या जागी आपण खाली बसावयाचे असते, आणि मालकांना नेमके तेच जड जाते.