खुनाआधीचा हिशेब

खून म्हटला की आपल्याला आठवते ती फाशी, नाही तर चकमक. ‘असल्यांना भर चौकात गोळ्या घाला,’ असे म्हणणारे गृहस्थ लोकलच्या प्रत्येक डब्यात भेटतात. त्यांचा संताप खोटा नसतो. पण शिक्षा ही खून झाल्यानंतरची गोष्ट. खून होऊच नये म्हणून पोलिसांना काय करता येईल, हे आपण क्वचितच विचारतो. अमेरिकेतल्या दोन शहरांनी ते विचारले.

न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२४५ खून झाले. दिवसाला सहा! १९९४ मध्ये विल्यम ब्रॅटन पोलीस आयुक्त झाले. त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी ‘कॉम्पस्टॅट’ नावाची पद्धत बसवली. कुठला गुन्हा कुठे, किती वाजता घडला हे नकाशावर मांडायचे आणि सकाळच्या बैठकीत त्या भागाच्या प्रमुखाने सर्वांसमक्ष जाब द्यायचा. आम्हा बँकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. दिवसाचा ताळा जमल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नसे. पोलिसांचे आकडे मात्र बहुधा वार्षिक अहवालापुरते निघतात. १९९८ पर्यंत तिथले खून साडेसहाशेच्या आत आले.

सारे श्रेय पोलिसांचे नव्हे. क्रॅक कोकेनची लाट ओसरली होती आणि इतर शहरांतही खून घटत होते. शिवाय या यशाला डागही लागला. पुढे रस्त्यात अडवून झडती घेण्याचा सपाटा सुरू झाला. एकट्या २०११ मध्ये पोलिसांनी जवळजवळ सात लाख वेळा लोकांना अडवले. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे होते, आणि बहुतेक निर्दोष निघाले. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. झडत्या घटल्या, आणि तरीही २०१७ मध्ये खून तीनशेच्या खाली गेले. म्हणजे धाक सरसकट सगळ्यांना घालावा लागत नाही.

बोस्टनने हेच आधी ओळखले होते. तिथल्या तरुणांपैकी एक टक्क्याहून कमी, सुमारे १,३०० मुले टोळ्यांत होती; पण तरुणांच्या खुनांपैकी निदान साठ टक्के त्यांच्या भांडणांतून होत. १९९६ पासून पोलीस, चर्चचे पाद्री आणि समाजसेवक यांनी टोळ्यांना समोर बसवून बजावले : गोळी चालली तर अख्खी टोळी गोत्यात येईल; बाहेर पडायचे असेल तर आम्ही मदत करू. तरुणांचे खून निम्म्याहून कमी झाले.

आपल्याकडे टोळ्यांपेक्षा भांडणांचे खून जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वाद आणि वैर हीच कारणे वर असतात. बांधाचा तंटा, भावकी, सासरचा छळ. असा वाद अनेकदा आधी ठाण्यात येऊन गेलेला असतो. तिथे अदखलपात्र म्हणून नोंद होते, एक कागद हाती मिळतो आणि माणूस घरी परततो. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली तर ती कोण ताडून पाहतो? फौजदार तर मिरवणुकीच्या बंदोबस्तात अडकलेला! तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्येच सांगितले. अंमलबजावणी अर्धवट राहिली.

आपण चकमकीच्या बातम्यांना टाळ्या देतो. त्याऐवजी आपल्या ठाण्यात एकाच घरातून तीनदा आलेल्या तक्रारीचे काय झाले, एवढे विचारायला शिकलो, तर एखादा जीव नक्की वाचेल.