याला काही लागत नाही

माशांच्या दुकानात फायटरच्या कपांपुढे उभं राहिलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'याला काही लागत नाही.' फिल्टर नको, हवेचा पंप नको, मोठी टाकी तर नकोच. दिवसाला चार दाणे टाका, आठवड्यातून एकदा पाणी बदला, झालं. शंभर-दीडशे रुपयांत निळा-जांभळा, झालरीच्या शेपटीचा एक जीव काचेच्या वाडग्यातून घरी येतो आणि टीव्हीशेजारी, ऑफिसच्या डेस्कवर, नाहीतर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टच्या पिशवीत जाऊन पडतो.

हे वाक्य खोटं आहे. विकणाऱ्याला ते बऱ्यापैकी माहीत असतं. घेणाऱ्याला ते खरं असावं असं मनापासून वाटत असतं. माझं भांडण या दुसऱ्याशी आहे. दुकानदार धंदा करतोय, तो स्वतःला प्राणिप्रेमी म्हणवत नाही. इन्स्टाच्या बायोमध्ये मांजराच्या पंजाचा इमोजी आपण लावतो.

खोटं टिकतं, कारण त्यात अर्धं खरं असतं. फायटर म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडचा. तिकडे त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. 2019 मध्ये त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत, घड्या-घड्यांचा एक अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा पृष्ठभागावर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि त्या हवेतला ऑक्सिजन या अवयवातून रक्तात जातो. त्यामुळे ज्या कोंदट पाण्यात दुसरा मासा गुदमरून मरेल, तिथे हा तग धरतो.

आमच्या धंद्याच्या भाषेत ही बॅकअप सिस्टिम झाली. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून कुणी वीज मंडळाला फोन करून मीटर काढून न्या असं सांगत नाही. पण फायटरच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो, आणि वर म्हणतो, बघा, दिवा चालूय की.

मरळ आठवा. विदर्भात, मराठवाड्यात बाजारात घमेल्यात वळवळणारी मरळ अनेकांनी पाहिली असेल. तिलाही हवेत श्वास घेता येतो, म्हणून ती पाण्याबाहेर तासन्तास जिवंत राहते. गिऱ्हाईकाला ताजी मिळावी म्हणून ती तशी ठेवतात, आणि त्यात कुणी काही लपवत नाही. मरळीला घमेलं आवडतं, तिला पाणी फारसं लागतच नाही, असं म्हणणारी कोळीण मला अजून भेटलेली नाही. हा शोध शिकल्यासवरल्या लोकांनी लावला, तोही फायटरपुरता.

यावर ठरलेलं उत्तर येतं की तो निसर्गातही डबक्यातच राहतो. काही जण तर म्हशीच्या खुराच्या ठशात राहतो म्हणून सांगतात. यातली गफलत कोकणात एक पावसाळा काढलेल्या माणसाला लगेच कळेल. फायटर राहतो तो भातखाचरांत, दलदलीत, संथ कालव्यांच्या कडेच्या गवतात. भातखाचरात पाणी किती असतं? पोटरीएवढं. आणि पसरलेलं किती असतं? या बांधापासून त्या बांधापर्यंत, पुढे दुसरं खाचर, मग तिसरं. उथळ म्हणजे लहान नव्हे. त्या पाण्यात गवत असतं, कुजलेली पानं असतात, डासांच्या अळ्या असतात, लपायला जागा असते आणि दुसऱ्या नराने हुसकावलं तर पळायला वाट असते. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि काही मासे खरंच लहान डबक्यांत अडकतात. त्या दिवसांत लॅबिरिंथ कामाला येतो. म्हणजे आपण त्याच्या दुष्काळाचे दिवस बघितले आणि ठरवलं की याला असंच आवडतं.

आता थोडं रसायनशास्त्र. सगळा घोळ इथेच आहे. मासा अन्न खातो आणि त्याच्या शरीरातला नायट्रोजन अमोनिया होऊन बहुतांशी कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर घालतात. अमोनिया कल्ले आणि कातडी भाजून काढतो. जुन्या, बसलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंची वसाहत असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण ते रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. दुसरे काही जिवाणू त्याचं पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

दीड लिटरच्या वाडग्यात यातलं काहीच होत नाही. स्पंज नाही, फिल्टर नाही, पाणी इतकं कमी की दोन दाणे जास्त पडले तरी संध्याकाळपर्यंत त्याचं विष होतं. आणि लॅबिरिंथ इथे कुचकामी आहे. तो एकच प्रश्न सोडवतो, ऑक्सिजनचा. हवा बाहेरून घेता येते, पण भाजणारं पाणी अंगाला लागायचं थांबत नाही. उलट, गुदमरून लवकर सुटका होण्याची जी सोय इतर माशांना आहे, तीही याला नाही.

त्यात रविवारची साफसफाई. हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ते प्रेमाने केलं जातं. मासा वाटीत काढून ठेवायचा, वाडगा विमने लख्ख घासायचा, रंगीत खडे चाळणीत धुवायचे आणि नळाचं ताजं पाणी भरून मासा परत सोडायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तोही कल्ल्यांना सोसत नाही. जे चार जिवाणू काचेवर, खड्यांवर धरले असतील ते धुऊन जातात. मासा दर आठवड्याला नव्याने पहिल्या दिवसात येऊन पडतो. त्यापेक्षा क्लोरीन उतरवणारी थेंबांची बाटली आणून, टाकीतलं पाव-अर्धं पाणीच बदललं तर कष्टही वाचतात. पण वाडग्यात तेही पुरत नाही.

आणि थंडी. याला 24 ते 28 अंशांचं पाणी लागतं. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा 10-12 पर्यंत उतरतो. दीड-दोन लिटर पाणी खोलीबरोबर गार होतं आणि दुपारी खोलीबरोबर तापतं. मोठ्या टाकीतलं पाणी हे झटके पचवतं, वाडगा पचवत नाही. गारठ्यात माशाचं पचन मंदावतं, तो खात नाही, दाणे तळाशी कुजतात, अमोनिया वाढतो. घरातले म्हणतात, हल्ली शांत झालाय.

शांत. या शब्दावर मला स्वतंत्र लेख लिहिता येईल. फायटर तळाशी पडून राहिला की 'शांत', काचेवर वरखाली आपटत राहिला की 'खेळकर'. पृष्ठभागावर त्याने बुडबुड्यांचं घरटं केलं की 'खूश आहे बघ'. बुडबुडे नर करतो ते अंडी ठेवण्यासाठी. तो वयात आल्याची, विणीला तयार असल्याची ती खूण आहे, घर आवडल्याची पावती नाही. आरशाचे रील तर विचारूच नका. आरसा दाखवला की तो कल्ल्यांची झाकणं फुलवतो, पिसारा उभारतो आणि खाली लोक हार्टचे इमोजी टाकतात. त्याला समोर शत्रू दिसतोय, जो मागे हटत नाही आणि हरतही नाही. 1963 मध्ये एका प्रयोगात असं दिसलं होतं की आरशातलं रूप पुन्हा दिसावं म्हणून हे मासे एखादी कृती शिकतातसुद्धा. त्यावरून त्यांना आरसा आवडतो म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. पण ज्याला शिकता येतं त्याची स्मृती तीन सेकंदांची नसते, एवढं तरी मान्य करा आणि तो विनोद आता बंद करा.

मी आधी ज्या ऑफिसात होते तिथे एका टीमच्या डेस्कवर असा एक वाडगा होता. मासा, एक प्लास्टिकची वेल आणि कंपनीचा लोगो असलेला स्टिकर. शुक्रवारी रात्री एसी बंद व्हायचा, सोमवारी सकाळी पुन्हा बावीसवर. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मासा उलटा तरंगताना सापडला. दुपारपर्यंत कुणीतरी जाऊन दुसरा आणला, तोही निळाच. नाव तेच ठेवलं. वर्षभरात मी त्या नावाचे चार मासे पाहिले. नीट ठेवला तर हा मासा सहज तीनेक वर्षं जगतो. त्या टीमला मात्र विचाराल तर ते सांगतील, आमच्याकडे वर्षभर फायटर होता, काही लागत नाही त्याला.

आक्षेप मला पाठ झालेत. पहिला: तू बांगडा खातेस ना? खाते, तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळून. पण बांगड्याला मी सहा महिने वाटीत ठेवून, नाव देऊन, त्याचे फोटो टाकून मग मारत नाही. खायला मारणं योग्य की अयोग्य हा मोठा प्रश्न आहे आणि त्यात शाकाहारी मित्र मला हरवतील. इथे प्रश्न वेगळा आहे. ज्याला मी 'माझा' म्हणते त्याच्याबद्दलचा.

दुसरा आक्षेप मी गंभीरपणे घेते: हे सगळं पैसेवाल्यांचं. वीस लिटरची टाकी, हीटर, फिल्टर सगळ्यांना कुठून परवडणार? वीस लिटर हा आकडा माझाही किमान आहे. पण टाकी काचेचीच हवी असं कुणी सांगितलं? पंचवीस लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा टब चालतो, माझ्याकडे तोच आहे. छोटा हीटर, स्पंज फिल्टर आणि हवेचा साधा पंप धरून दीड-दोन हजारांत काम होतं. मनी प्लांटच्या दोन फांद्या मुळं पाण्यात ठेवून वर लावल्या की त्या नायट्रेट शोषतात, त्या शेजारच्यांकडून फुकट मिळतात. दीड-दोन हजार कमी नाहीत, मान्य. पण मग अडचण पैशांची आहे असं म्हणा. माशाला गरज नाही असं म्हणू नका. मोठ्या कुत्र्याला दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवणाराही जागा कमी पडते म्हणतो. कुत्र्याला पाय नाहीत असं नाही म्हणत.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा: मुळात मासा पाळायचाच कशाला? याच्याशी मी अर्धी सहमत आहे. 2022 मध्ये आलेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार माणसाने या माशाला पाळीव करायला निदान 400 वर्षांपूर्वी सुरुवात केली, आधी झुंजींसाठी, नंतर दिसण्यासाठी. रानातला फायटर मळकट तपकिरी-हिरवा आणि आखूड परांचा असतो. आपण ज्याला सुंदर म्हणतो ती अर्धवर्तुळाकार शेपटी पैदास करणाऱ्यांनी घडवली आहे, आणि ती ओढत पोहताना मासा दमतो. त्याला रानात सोडणं हा उपाय नाही. तिकडचे रानटी फायटर आधीच संकटात आहेत, आययूसीएनच्या यादीत ते असुरक्षित वर्गात मोडतात. तेव्हा असलेले मासे कुणीतरी नीट सांभाळायला हवेत, आणि मागणी कमी व्हायला हवी. वाडगा या दोन्हीच्या आड येतो. तो मासा मारतो आणि पुढच्या महिन्यात नवा विकतो.

कायद्याकडून मला फार आशा नाही. मत्स्यालयं आणि माशांच्या दुकानांसाठी केंद्राने 2017 मध्ये नियम काढले होते. व्यापाऱ्यांनी ओरड केली, ते नियम पुढे मागे घेतले गेले. त्यातले काही खरोखर अव्यवहार्य होते, हेही सांगायला हवं. पण त्यांच्या जागी काय आलं ते पाहायचं असेल तर कुठल्याही दुकानातली कपांची रांग बघा. नर एकमेकांना फाडतात म्हणून विक्रीपुरते ते वेगळे ठेवावे लागतात, हे मला समजतं. तो कप म्हणजे कुरिअरचा खोका. आपण माणूस खोक्यासकट घरी आणून त्याच खोक्यात त्याचा संसार थाटून देतो.

'टाकी आज घेऊन जा, आठवडाभर नको, महिनाभर नुसती चालू ठेव, मासा नंतर ने' असं सांगणारा दुकानदार मला आजवर एकच भेटला, सिंहगड रोडच्या आतल्या एका गल्लीत. मी स्पंज घ्यायला गेले होते. एक वडील आणि सात-आठ वर्षांची मुलगी आली होती, मुलीने लाल फायटर निवडून ठेवला होता. काकांनी त्यांना अमोनिया समजावून सांगितला, अगदी मुलीला कळेल असा. वडिलांनी नीट ऐकून घेतलं, थँक्यू म्हटलं, आणि बाहेर पडताना मुलीला म्हणाले, चल, पुढच्या चौकात अजून एक दुकान आहे. काका परत कप पुसायला लागले. मी विचारलं, असं किती वेळा होतं? ते म्हणाले, रविवारी जास्त.