वाइन मुरते, पण पितो कोण?

बोर्दोच्या मेदॉक भागातील एखाद्या नामांकित मळ्याची 1982 सालची लाल वाइन आज चाळिशी उलटून गेली आहे. ती उघडण्याची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. वर्षानुवर्षे आडवी ठेवलेली बाटली उभी करून ठेवावी लागते, म्हणजे साचलेला गाळ तळाशी बसतो. दुसऱ्या दिवशी भुसभुशीत झालेले बूच हलक्या हाताने काढायचे, बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून वाइन दुसऱ्या भांड्यात सावकाश ओतायची आणि गाळाची पहिली रेघ मानेपाशी दिसताच हात थांबवायचा. पेल्यात उतरलेला रंग नव्या वाइनसारखा जांभळट नसतो. मध्यभागी तो डाळिंबी असतो आणि कडेला भाजलेल्या विटेसारखा तांबूस. वासात ताज्या फळाचा अंश थोडाच उरलेला असतो. त्याची जागा देवदाराचे लाकूड, तंबाखूचे सुके पान, जुने कातडे आणि पावसानंतरच्या रानातील ओला पाला यांनी घेतलेली असते. तरुणपणी हीच वाइन कच्च्या सुपारीसारखी तोंड आवळून टाकत होती. आता ती जिभेवरून विनासायास सरकते आणि घोट गिळल्यानंतरही तिची चव बराच वेळ रेंगाळत राहते.

हे घडते ते द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपांतून आलेल्या टॅनिनमुळे. टॅनिनचे कण एकमेकांशी व रंगद्रव्यांशी जोडले जाऊन हळूहळू गाळाच्या रूपाने खाली बसतात. वाइन मऊ होते आणि तिचा रंगही फिका पडतो. मराठीत याला ‘मुरणे’ असा नेमका शब्द आहे. तथापि लोणचे आणि वाइन यांत एक मोठा भेद आहे. मुरलेले लोणचे पुष्कळ दिवस मुरलेलेच राहते. वाइन मात्र एका शिखरावर पोहोचते, तेथे काही वर्षे टिकते आणि मग उतरणीला लागते. फार वृद्ध वाइन तर ओतल्यानंतर अर्ध्यापाऊण तासात पेल्यातच कोमेजते. शिखर केव्हा आले, हे बाटलीवर कोठेही लिहिलेले नसते. बोर्दोच्या 1975 सालच्या पिकाकडून जाणकारांनी मोठ्या आशा बाळगल्या होत्या. पण त्यातील अनेक वाइनमधील फळाचा गोडवा आधी आटला आणि टॅनिनचा कडकपणा तेवढा मागे राहिला. ज्यांनी वीस वर्षे वाट पाहिली, त्यांच्या हाती तुरटपणा आला.

मद्यपानाच्या भल्याबुऱ्याचा विचार येथे कर्तव्य नाही. प्रश्न आहे तो प्रतीक्षेचा आणि तिच्या किमतीचा, आणि अर्थशास्त्राला तो नवा नाही. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ क्नुट विक्सेल यांनी 1901 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत भांडवलाचे स्वरूप समजावून सांगण्यासाठी वाइनचेच उदाहरण घेतले होते. द्राक्षे एकदा पिळली की पुढे श्रम नाममात्र. मूल्य वाढवतो तो काळ. मग साठा कधी विकावा? विक्सेल यांचे उत्तर सरळ होते: वाइनचे मूल्य वर्षाला ज्या दराने वाढते तो दर व्याजाच्या दराइतका खाली येईल तेव्हा. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी हे सूत्र घोकत आले आहेत. मात्र ते विक्रेत्याला विकण्याची वेळ सांगते. पिणाऱ्याला पिण्याची वेळ सांगत नाही. मूल्य केवळ चवीवर अवलंबून असते तोवर या दोन वेळा फार दूर जात नाहीत. मूल्य दुर्मीळतेवर अवलंबून राहू लागले की त्यांची फारकत होते, कारण इतरांनी आपापल्या बाटल्या पिऊन टाकल्या की उरलेल्या बाटलीचा भाव चढतो, मग आतील वाइन शिखरावर असो वा उतरणीवर.

हा केवळ तर्क नव्हे. डिमसन, रूसो व स्पेनयेर्स या तीन अभ्यासकांनी बोर्दोच्या पाच अग्रगण्य मळ्यांच्या वाइनचे शंभराहून अधिक वर्षांचे भाव तपासून 2015 साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसते. उत्तम सालाची वाइन परिपक्व होईपर्यंत महाग होते, नंतर काही दशके तिचा भाव जवळपास स्थिर राहतो आणि पुढे, ती पिण्याच्या पलीकडे गेल्यावर, पुन्हा चढू लागतो. म्हणजे वाइन मेल्यावर तिची पुराणवस्तू होते. इंग्लंडमधील विल्टशरच्या जुन्या दगडखाणींत आज अशा वाइनची कोठारे आहेत. तेथील लाकडी पेट्या जागच्या न हलता अनेक मालकांच्या नावे फिरतात आणि जकात भरली जाते ती कोणी पेटी बाहेर नेली तरच. पेटी फोडून पिणारा मालक या व्यवहारात अडाणी ठरतो!

मालकीचा जिभेशी संबंध तुटला की काय होते, याचा पुरावा अमेरिकेच्या न्यायालयातही नोंदला गेला आहे. बरगंडीतील एका मळ्याच्या नावाने 1945 पासूनच्या सालांच्या बाटल्या 2008 साली न्यूयॉर्कच्या लिलावात मांडल्या गेल्या. मळ्याच्या मालकाने हरकत घेतल्यामुळे त्या मागे घ्याव्या लागल्या, कारण त्याच्या घराण्याने ती विशिष्ट वाइन 1980 च्या दशकापूर्वी बनवलीच नव्हती. बाटल्या आणणारा रूडी कुर्नियावान 2013 साली दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बाटल्या वर्षानुवर्षे लक्षावधी डॉलरना खपल्या. मुरलेल्या वाइनची खरी चव ठाऊक असलेली माणसे विरळ झाल्याखेरीज असा धंदा इतका काळ चालू शकत नाही.

या पार्श्वभूमीवर पोयाक गावच्या शातो लातूरने 2012 साली घेतलेला निर्णय समजून घेतला पाहिजे. (आपल्या लातूरशी या मळ्याचे नाते नामसाधर्म्यापुरतेच.) बोर्दोची रीत अशी की, सुगीनंतरच्या वसंतातच पिंपातील कच्च्या वाइनचे नमुने चाखवून ती विकून टाकायची, ग्राहकाने पैसे आधी मोजायचे, बाटल्या सुमारे दोन वर्षांनी घ्यायच्या आणि पुढची दहा-वीस वर्षे त्या स्वतः सांभाळायच्या. प्रतीक्षेचा सारा खर्च आणि सारी जोखीम ग्राहकावर. 2010 च्या पिकाला असे विक्रमी भाव देणाऱ्या पुष्कळांना पुढच्या काही वर्षांत तीच वाइन त्याहून स्वस्त मिळताना पाहावी लागली. लातूरने ही पद्धत सोडली आणि वाइन पिण्याजोगी झाली असे स्वतःला वाटेल तेव्हाच ती बाजारात आणण्याचे ठरवले. हा निर्णय योग्य होता असेच म्हणावे लागेल. वाइनचा स्वभाव तिच्या कर्त्याइतका कोणाला कळत नाही, आणि तिच्यासाठी थंड, अंधारे, बारा-तेरा अंशांचे तळघर त्याच्याइतके कोणाकडे नसते. शिखराचा अंदाज चुकला तर त्याची झळही त्यालाच बसावी.

लातूरने यातून भाव वाढवून घेतले, हा आक्षेप खरा आहे. पण ग्राहकाने जे व्याज गमावले असते आणि जे कोठारभाडे भरले असते ते हिशेबात धरले, तर हा आक्षेप बराचसा गळून पडतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लातूरचे मालक पिनो कुटुंब फ्रान्समधील अतिश्रीमंतांपैकी एक. दहा वर्षे माल अडवून ठेवणे त्यांना परवडते. ज्या मळेवाल्याला पुढच्या छाटणीची मजुरी याच वर्षीच्या विक्रीतून द्यायची आहे, त्याने काय करावे? बोर्दोतील साध्या वाइनची स्थिती तर अशी आहे की, 2023 साली सुमारे साडेनऊ हजार हेक्टरांपर्यंतच्या वेली उपटण्यासाठी हेक्टरी 6,000 युरो देण्याची योजना आखावी लागली. तेथील बहुतेक वाइन मुरवण्याजोगी नसतेही. ती दोन-चार वर्षांत पिऊन टाकावी हेच बरे. परंतु या दोन टोकांच्या मध्ये असे शेकडो मळे आहेत, ज्यांची वाइन दहा-पंधरा वर्षांनी खरोखर बहरते आणि जी केवळ निकडीपायी कोवळेपणी विकली व प्यायली जाते.

त्यांच्यासाठी उपाय शोधायला फार दूर जायला नको. इटलीच्या एमिलिया प्रांतातील एक बँक परमेजान चीजची चाके आपल्या गोदामात तारण ठेवून कर्ज देते. चीज पिकत राहते आणि उत्पादकाच्या हाती पैसा असतो. महाराष्ट्रातील बाजार समित्यांतही सोयाबीन, तूर, हळद यांवर शेतमाल तारण कर्ज मिळते ते याच तत्त्वावर, केवळ मुदत काही महिन्यांची. वाइनसाठी ती दहा वर्षांची लागेल आणि व्याजदर त्या मानाने सौम्य ठेवावा लागेल. बँकेला पिंपातील वाइनची पारख करणारा माणूसही पदरी बाळगावा लागेल. तो बोर्दोत मिळणे कठीण नाही.