रेफर केलं, म्हणजे झालं?

माझी भाची साडेपाच वर्षांची आहे. घरी तिला आम्ही चिमी म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात तिच्या कानामागच्या यंत्राची वायर तुटली आणि पुढचे अडीच महिने तिला काहीच ऐकू आलं नाही. त्याआधी ती मला 'मामा' म्हणायला लागली होती. वायर बदलून आली तोवर त्या 'मामा'चं पुन्हा 'आ-आ' झालं होतं.

वायरची किंमत ताईच्या दोन महिन्यांच्या मजुरीएवढी होती. माझ्यासाठी ती एका वीकेंडच्या खर्चाएवढी. ताईनं मला सांगितलंच नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "अरे, किती वेळा मागायचं तुझ्याकडं? ऑपरेशन सरकारनं फुकट केलं, मला वाटलं वायर पण तेच देतील."

मला विचाराल तर ताईचं वाटणं चूक नाही. चूक आहे ते आपलं नियोजन.

मी नाशिकमध्ये सॉफ्टवेअर लिहितो. माझी मावसबहीण कळवण तालुक्यात एका वस्तीवर राहते, थोडी शेती आणि कांद्याच्या हंगामात मजुरी. चिमी जन्मली तेव्हा तिचे कान कुणी तपासले नाहीत. सव्वा वर्षाची असताना पोळ्याच्या दिवशी दारात ढोल वाजत होता आणि ही ढाराढूर झोपलेली. सासूबाई म्हणाल्या, "तिचा बापही उशिराच बोलला." पुढं अंगणवाडीत डॉक्टरांचं पथक आलं. त्यांनी टाळ्या वाजवून, खुळखुळा हलवून पाहिलं आणि चिठ्ठी दिली : पुढच्या तपासणीसाठी रेफर.

त्या पथकाबद्दल माझी तक्रार नाही. ते पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. कागदावर वाचा, मन भरून येईल. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी. जन्मजात दोष, पोषणाची कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब अशा चार गटांतले ३० विकार. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा. जन्मजात बहिरेपण त्या यादीत आहेच. पुढच्या तपासणी-उपचारांसाठी जिल्ह्याला एक शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिथं बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत. या कार्यक्रमामुळं कितीतरी मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं झाली, हेही खरं आहे.

मग अडतं कुठं? चिठ्ठी हातात पडल्यानंतर.

आमच्या ऑफिसात ग्राहकाची तक्रार आली की तिकीट उघडतं. मी ते दुसऱ्या टीमकडं ढकललं म्हणून बंद होत नाही. ते कुणाच्या तरी नावावर असतंच, आणि प्रश्न सुटला की नाही हे ग्राहकाला विचारल्याशिवाय कुणी ते बंद केलं तर मॅनेजर सगळ्यांसमोर झापतो. एका बटणाचा रंग चुकला तरी आम्ही हे करतो. चिमीची चिठ्ठी मात्र ताईच्या हातात पडली त्या क्षणी यंत्रणेच्या लेखी तिचं काम संपलं. 'रेफर केलं' हा शेरा म्हणजे आपल्याकडं क्रियापद नाही, पूर्णविराम आहे.

त्यानंतर ताई नाशिकला पाच वेळा आली. पहाटेची एसटी, नांदुरी-वणी-दिंडोरीमार्गे. एकदा तज्ज्ञ त्या दिवशी बसत नव्हते. एकदा बेरा तपासणीचं मशीन बंद होतं. एकदा मूल झोपलं नाही म्हणून तपासणी झाली नाही, कारण बेरा झोपेतच करावी लागते आणि पहाटे चारला उठवलेलं मूल एसटीतच झोपून घेतं. प्रत्येक वेळी मजुरी बुडाली. तिकीट अर्धं लागतं, दिवस पूर्ण जातो. कॉक्लिअर इम्प्लांट झालं तेव्हा चिमी साडेतीन वर्षांची झाली होती.

इथं साडेतीन या आकड्याला अर्थ आहे. जगभर नवजात बाळांच्या श्रवणाबाबत १-३-६ हा नियम मानतात : एक महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. कारण मेंदूचा ऐकण्याचा भाग पहिल्या तीन-साडेतीन वर्षांतच सर्वांत लवचीक असतो. नंतर यंत्र बसवलं तर आवाज पोहोचतो, पण त्या आवाजाची भाषा व्हायला कितीतरी जास्त कष्ट पडतात.

नाशिककरांना वेळ पाळण्याचं महत्त्व कुणी शिकवायला नको. सिंहस्थाची तारीख पंचांगात ठरली की इथं रस्ते रुंद होतात, घाट बांधले जातात, नियंत्रण कक्ष उभे राहतात, हरवलेल्यांसाठी सुद्धा वेगळी सोय होते. कुणी म्हणत नाही की घाट पुढच्या वर्षी बांधू. मुलाची पहिली तीन वर्षं हीदेखील पर्वणीच आहे. फरक एवढाच की सिंहस्थ बारा वर्षांनी पुन्हा येतो, ही पर्वणी येत नाही. म्हणून 'आपल्याला नियोजन जमत नाही' हे मी मान्य करत नाही. जमतं. आपण कुणासाठी करायचं ते निवडतो.

आता ताईची पिशवी उघडू. अंगणवाडीचं कार्ड महिला व बालविकासचं. रेफरची चिठ्ठी आरोग्य विभागाची. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड वेगळ्या पोर्टलवरचं. इम्प्लांटचे कागद केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेचे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमधला. शाळेत घालताना समग्र शिक्षाचा फॉर्म. राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. आपण त्याचा अभिमान बाळगतो. म्हणजे दारं कमी नाहीत. पण एकाही दारातून दुसऱ्या दारात निरोप जात नाही. निरोप नेते ती ताई, झेरॉक्सची पिशवी घेऊन. या सगळ्या यंत्रणांना जोडणारी एकमेव वायर म्हणजे दहावी नापास झालेली एक आई. तिनं एक दिवस अंथरूण धरलं की महाराष्ट्र शासनाची अख्खी सिस्टीम डाऊन.

"मग तू एखादं ॲप का बनवत नाहीस?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. माझ्या क्षेत्रातल्या मित्रांना हात जोडून सांगतो : नको. आशाताईंच्या फोनमध्ये आधीच ढीगभर ॲप आहेत आणि नेटवर्क शोधायला त्यांना टेकडीवर जावं लागतं. माणूस नसलेल्या जागी ॲप ठेवलं की माणूस नसल्याचं फक्त लवकर कळतं. ॲपनं बोलायला शिकवता येत नाही. त्याला वाचा-उपचार तज्ज्ञ लागतो, आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षं, आणि जाऊन-येऊन दिवस मोडणार नाही इतक्या अंतरावर.

दुसरं उत्तर मिळतं : तज्ज्ञच मिळत नाहीत. ताईची एसटी दिंडोरी रोडनं नाशकात शिरते. त्याच रस्त्यावर, म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरातले डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण पदवीधर याच विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांना कळवणला, सुरगाण्याला, पेठला जावंसं वाटेल असं पद, पगार आणि कायमची नोकरी द्यायची नाही, कंत्राटावर अकरा-अकरा महिने लटकवायचं, आणि वर म्हणायचं मिळत नाहीत!

तिसरं उत्तर पैशाचं. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, हे राज्याचं धोरण आहे. त्यातून खुर्च्या वाटताना फोटो निघतात. इम्प्लांटची वायर आणि बॅटरी फोटोत नीट दिसत नाही.

मुळात मोजणीच नाही, तर नियोजन कशाचं? आपल्या हातातली जनगणना २०११ची. तिनं अपंगत्वाचे आठ प्रकार मोजले आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग सांगितले. २०१६च्या कायद्यानं प्रकार केले २१. जुन्या आठ रकान्यांच्या आकड्यावर एकवीस रकान्यांचं नियोजन उभं आहे. असा डेटाबेस घेऊन मी डेमोला गेलो तर मला घरी पाठवतील.

दुसरीकडं काय करतात? अमेरिकेची आरोग्यव्यवस्था आदर्श आहे असं कुणीच म्हणणार नाही. पण तिथल्या १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या पाचव्या प्रकरणात माता-बालकांसाठी राज्यांना निधी मिळतो, आणि १९८९च्या दुरुस्तीपासून त्यातला किमान ३० टक्के विशेष आरोग्य गरजा असलेल्या मुलांवर खर्च करणं बंधनकारक आहे. शिवाय दर पाच वर्षांनी राज्यानं गरजांची पाहणी करून ती लोकांपुढं ठेवायची. अमेरिका लांब वाटत असेल तर केरळ घ्या. तिथं नवजात बाळांचे कान जन्मानंतर लगेच तपासण्यासाठी 'कातोरम' हा राज्याचा कार्यक्रम आहे. केरळमधली बाळं वेगळ्या कानांची नसतात.

मला नवी योजना नको. नव्या योजनेला नवं नाव, नवा लोगो आणि ताईच्या पिशवीत नवा कागद येतो. मला चार साध्या गोष्टी हव्यात.

एक : रेफर झालेल्या प्रत्येक मुलामागं तालुक्यात एका माणसाचं नाव हवं. तारीख मिळवणं, मशीन चालू आहे का ते आधी विचारणं, कागद पुढच्या विभागात पोहोचवणं हे त्याचं काम. आईचं नाही.

दोन : जिथं बाळंतपणं होतात तिथं बाळ घरी जाण्याआधी कानांची तपासणी, आणि थेरपी उपजिल्हा रुग्णालयात, ठरलेल्या वारी.

तीन : सरकारनं यंत्र बसवलं तर मूल मोठं होईपर्यंत त्याची वायर, बॅटरी आणि दुरुस्ती हीदेखील उपचाराचाच भाग.

चार : दर तिमाहीला तालुकावार चार आकडे जाहीर करा. किती मुलं रेफर झाली, किती पोहोचली, किती जणांचा उपचार सुरू झाला, आणि वर्षानं किती जण उपचारात टिकली. 'इतक्या लाख बालकांची तपासणी' हा भाषणातला आकडा तुमच्याकडंच ठेवा. तपासणी म्हणजे तक्रार नोंदवणं. आम्हाला निकाल सांगा.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल, तर एक काम करा. तुमच्या ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला माहितीच्या अधिकारात विचारा : गेल्या वर्षी तो ५ टक्के निधी किती जमला आणि त्यातला मुलांवर किती खर्च झाला? अर्जाला दहा रुपये लागतात. मी कळवणचा अर्ज टाकला आहे.

चिमी आता पुन्हा शब्द जमवते आहे. गेल्या रविवारी तिनं 'पाणी' म्हटलं. नवी वायर मी घेतली आणि एक जास्तीचीही आणून ठेवली. ताई म्हणाली, "बरं झालं, तू आहेस." मला ते ऐकून बरं वाटलं नाही. ज्या पोरीला नाशिकमध्ये नोकरी करणारा मामा नाही, तिच्या वायरचं काय?